न उचललेला फोन

"रामकृष्णहरी मायबाप, येतो मी, येतो."

कोनाड्यातल्या मोबाइलमधून शालिकराम महाराजांचा आवाज आला आणि लटारूचं बॉलपेन थांबलं. हातातोंडाशी आलेली ओळ गेली.

"बाई, उचला ना," तो म्हणाला.

"वाजू दे." तांदूळ निवडणारा गुणाबाईंचा हात सुपातच थांबला होता. आवाज पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला आणि आपोआप बंद पडला. मग हात हलला.

महाराज माघात वारले. आदल्या दिवाळीत पुतण्यानं, सुरेंद्रनं, हौसेनं त्यांचाच आवाज रिंगटोन म्हणून भरून दिला होता. कीर्तन ठरवायला गावोगावची मंडळी अजून फोन करत. त्यांच्या पत्नी गुणाबाई फोन रोज चार्जिंगला लावत, पण उचलत कधीच नसत. उचलला की धन्याचा आवाज तुटतो.

लटारू वडशाच्या राइस मिलमधला हमाल. बावीस वर्षं महाराजांच्या मागे टाळ धरून उभा राहिलेला. चैत्रातल्या सप्ताहात महाराजांचं ढिवरिणीचं, म्हणजे कोळिणीचं, आख्यान वाचायचं गावानं ठरवलं होतं, पण ते कागदावर कुठंच नव्हतं. होतं ते लटारूच्या कानात. तेही बसून आठवत नसे. मिलचा भोंगा व्हायच्या आधी तो महाराजांच्या घरी येई, बाजाच्या पेटीच्या खोक्यावर वही ठेवून उभा राही, टाळाला टाळ हलकेच लावी. मग पुढ्यात महाराज पाठमोरे उभे असल्यासारखे बोल येत, बुक्क्याचा वाससुद्धा येई. पण फोन वाजला की फोनमधला आवाज कानातल्या आवाजावर चढे, आणि पुढचं सगळं 'येतो मी, येतो' होऊन जाई.

"एक घंटा बंद ठेवला तं?" त्यानं विचारून पाहिलं.

"बंद काऊन? तुले त्याईचा आवाज जड झाला का रे?"

दुसऱ्या दिवशी गुणाबाई विहिरीवर गेल्या तेव्हा लटारूनं फोनचा आवाज बंद करून तो होता तसा कोनाड्यात ठेवला.

पुढच्या तीन सकाळी देवानं कृपा केली. ढिवरिणीच्या जाळ्यात बाळकृष्ण सापडतो. ती त्याला उलटापालटा करून बघते, "लहान हायेस, वाढ अजून," म्हणते आणि तळ्यात सोडून देते. महाराज इथं आधी हसत, मग एकदम डोळे पुसत. लटारूनं दोन्ही लिहून ठेवलं. सतरा पानं झाली.

चौथ्या सकाळी गुणाबाई सुपाशी नव्हत्या. फोन मांडीवर घेऊन पदरानं पुसत बसल्या होत्या.

"तीन दिस झाले, लटारू. एक बी फोन नाई. दोन महिन्यात इसरले लोकं."

त्याच्या हातातले टाळ हातातच राहिले.

"इसरले नाई, बाई. मीच मुका केला होता त्याले. लिवाच्या पायी."

त्यांनी फोन त्याच्यापुढं धरला. त्यानं कळ दाबून पाहिलं.

"एकवीस जणाईनं बलावलं त्याईले."

"एकवीस," त्या म्हणाल्या. शिव्या येतील म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. पण त्यांनी विचारलं, "किती रायलं?"

"देव मोठा होऊन तिच्या दारी येते, तेवढंच. पण तेच सापडून नाई राह्यलं."

"मंग लिव. आवाज सुरू कर त्याचा, अन् दे इकडं. मी बसन अंगणात."

लटारूनं आवाज सुरू करून फोन दिला. त्या बाहेर गेल्या. त्यानं टाळ लावले. बोल यायला लागले, आणि नेमका अंगणात फोन वाजला.

"राम..."

एवढंच. पुढं गुणाबाईंचा आवाज होता.

"हालो. हो, घर त्याईचंच. नाई जी, महाराज नाईत आता. माघात गेले."

लटारूचं पेन थांबलं नाही. त्या सकाळी फोन पाच वेळा वाजला, आणि पाचही वेळा 'राम'च्या पुढं गेला नाही. पाचव्या माणसाला सगळं सांगून झाल्यावर गुणाबाईंनी फोन लगेच ठेवला नाही.

"चैत्रात या जी," त्या म्हणाल्या. "आख्यान हाये त्याईचं."