देवमनची दुर्बीण

देवमनच्या तोंडाला कुलूप नव्हतं, सगळं रामायण तिथून सुरू झालं. त्याची लेक सुकेशनी पुण्यात तारे कसे जन्मतात यावर पीएचडी करत होती. धनजच्या बुद्धविहारात पावसाळाभर चालणारं वर्षावासाचं ग्रंथवाचन आटोपलं की शेजारचा विनोद हमखास खडा टाकायचा, "देवमनभाऊ, पोरगी नेमकी करते तरी काय?" देवमनला धड उत्तर कधी देताच आलं नाही. यंदा लेक सुट्टीवर येताच त्यानं छाती फुगवून जाहीर केलं, "आइतवारी दुपारच्या वाचनानंतर थांबा सबन. पोरगी दुर्बिणीतून तारे दाखवन!"

भर पावसाळ्यात, तेही दिवसाढवळ्या! सुकेशनीनं कपाळाला हात लावला.

"बाबा, आमच्या दुर्बिणीला डोळा लावतच नाहीत. मोठमोठ्या छत्र्या असतात, त्या आभाळातल्या रेडिओ लहरी पकडतात."

"आता वं? लोकं हासतीन मले." देवमनचा चेहरा पार उतरला. त्याला असं पाहून सुकेशनीला गलबलून आलं. बापाचं हसं होऊ द्यायचं नाही, तिनं ठरवलं.

तिनं छपरावरची टीव्हीची छत्री उतरवली. "अन् माही मालिका?" आई लिलाबाई ओरडली, पण ऐकतंय कोण! कारंज्याच्या डिशवाल्या सतीशकडून सुकेशनीनं त्याचा फाइंडर मागून आणला. लहर सापडली की ही डबी चिरकते, तिच्या आवाजावरच तो छत्र्यांची दिशा लावतो.

रविवारी आभाळ गच्च भरलेलं. विहाराच्या अंगणात ती छत्री पाहून विनोदला चेवच चढला. "अबे, हे तं भाऊच्या छपरावरची! हिच्यात तारे दिसतीन का मालिका?" अंगण खदखदून हसलं.

सुकेशनीनं छत्री बापाच्या हाती दिली. "बाबा, तुमीच हुडका सूर्य. तो बी ताराच."

"एवढ्या ढगात कसा हुडकू?"

"कानानं."

देवमन हळूहळू छत्री फिरवू लागला. छत्रीला जोडलेली डबी कुरकुरत होती. पश्चिमेला कडुनिंबाच्या वर छत्री वळली आणि डबी किंचाळली. बाजूला केली की गप्प, परत आणली की तोच आवाज. तेवढ्यात ढग जरा विरळ झाले. नेमका तिथंच फिकट सूर्य दिसला. सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"तारे बी असेच ढगात जन्मतात," सुकेशनी म्हणाली. "वायूच्या, धुळीच्या ढगात. डोळ्याले आतलं दिसत नाही, पण लहरी बाहेर येतात. मी त्याच ऐकून राह्यली."

विनोद हार मानतो थोडाच! "त्या डबीले वाजायले काहीबी पुरत असन."

देवमन तावातावानं त्याच्याकडे वळला. वळताना छत्री लिलाबाईवरून फिरली आणि डबी पुन्हा किंचाळली.

"मी का तारा आहो?" लिलाबाई दचकून म्हणाली. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

"आई, ऊब असली का लहरी निघतातच," सुकेशनीही हसू आवरत म्हणाली. "तुह्यातून, भिंतीतून, सगळ्यातून."

"ते राहू दे," विनोद म्हणाला. "भाऊ, आता तरी सांगा, पोरगी करते काय?"

देवमननं छत्री खाली ठेवली. घसा खाकरला.

"तिकडं ढगाआड बाळंतपण चालू असते. आत कोनाले जाता येत नाही. माही पोरगी दाराबाहेर उभी राहून लेकराचं पहिलं रडणं ऐकते."

सुकेशनीचे डोळे भरून आले. विनोदनं मुकाट्यानं छत्री खांद्यावर घेतली आणि देवमनच्या छपरावर चढवायला निघाला.