मशीनने परत पाठवलेली माणसं

रुग्णालयासमोरच्या गाळ्यात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मध्ये मडकेमहाराज, पुढ्यात काळं मडकं आणि भोवती साठी ओलांडलेले पुरुष. कुणी या पायावरून त्या पायावर होतोय, कुणी भिंतीला टेकून डोळे घट्ट मिटलेत. भक्तीने नव्हे, पोटातल्या पाण्याने.

सगळे प्रोस्टेटच्या कॅन्सरचे. समोर रेडिएशन घ्यायला येत. त्याआधी भरपूर पाणी पिऊन लघवी धरून ठेवायची, अशी तिथली सक्त ताकीद. आमचे हे त्यांतलेच. रोज मी पाण्याची बाटली पुढे करायची आणि हे माझ्याकडे असं बघायचे, जणू आजार मीच दिलाय.

महाराजांचं म्हणणं सोपं होतं. "किरण आत साठतात बाळांनो. ते मडक्यात सोडा. मग बघा, मशीनच तुम्हाला हात जोडेल."

आणि जोडत होतं की. महाराज मडक्याला आतून राख फासून देत. पडद्यामागे जाऊन त्यात लघवी केली की लालभडक. मग माणूस समोर जाऊन टेबलावर झोपायचा, आणि मशीनवरची ताई म्हणायची, "काका, आज नाही होणार." पुढचं वाक्य ऐकायला कोण थांबतंय? इकडे जयजयकार. मशीनला काही सापडलंच नाही. आमचे हेही असेच पुन्हा पुन्हा परतले, तेही मिठाई घेऊन.

डॉक्टरांनी मला बोलावलं. "मावशी, मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वर सरकतात, बाजूला राहतात. रिकामं असलं तर किरण नको तिथे लागतील, म्हणून आम्हीच परत पाठवतो. पण असे खंड पडत गेले तर उपचाराचा जोर राहणार नाही."

घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "त्यांचं दुकान आहे ते."

"आणि मडक्याचं काय, देऊळ?"

हे हळूच म्हणाले, "मडकं म्हणतं मी बरा झालो. डॉक्टर नुसतं 'बघू' म्हणतात."

मी स्वतः कीर्तनाला पहिल्या रांगेत बसणारी बाई. धीर देणारा शब्द किती गोड लागतो, मला ठाऊक आहे.

तर त्या सकाळी हे पडद्यामागे गेले ते बाहेरच येईनात. रेडिएशनमुळे लघवी कधी थांबत नाही, कधी सुटत नाही. रांग कुरकुरायला लागली. "आटपा हो लवकर."

आतून आवाज आला, "अगं, येतच नाहीये."

मी आत गेले. हे मडकं धरून घामाघूम. म्हटलं, लोकांचा खोळंबा नको. हातातली पाण्याची बाटली मडक्यात रिकामी केली.

लालभडक.

"हे माझं नाही," हे म्हणाले.

"नाही. नळाचं आहे."

मी मडकं बाहेर आणलं. महाराज उठून उभे राहिले. "निघाले. सगळे किरण निघाले."

"महाराज, नळाला प्रोस्टेट असतो का?"

कोपऱ्यातले एक निवृत्त कंडक्टर हसले. भरल्या पोटी हसणं फार जोखमीचं. ते समोर रुग्णालयातल्या मुतारीकडे धावले, त्यांच्यामागे चौघे धावले. त्यांना ताईने पुन्हा पाणी पाजून बसवलं.

मी महाराजांच्या डबीतली राख तळव्यावर घेऊन बाटलीत उरलेले थेंब टाकले. तळव्यावर लाल ओघळ. मिठाईत घालतात तो कोरडा रंग काळ्या राखेत मिसळलेला. कोरडा असताना दिसत नाही, भिजला की फुलतो.

"बाई, श्रद्धा नसेल तर—"

"श्रद्धा माझी आहे महाराज. मडकं तुमचं."

हे दाराशी पाय आवळून उभे. "मला हसवू नकोस," म्हणत रस्ता ओलांडून गेले, मी मागोमाग. थोड्या वेळाने ताई बाहेर डोकावली. "काकांचं मूत्राशय मस्त भरलंय, घेतो आत." इतकं कौतुक त्यांचं सासरीही झालं नव्हतं.

मी बाकावर बसून भजन गुणगुणत राहिले. देवाला जरूर हात जोडा, मीही जोडते. पण कुणी चमत्कार दाखवला की त्याच्या भांड्यात आधी साधं पाणी ओतून बघा. आणि मशीनने परत पाठवलं, तर ताईचं पुढचं वाक्य ऐकूनच उठा.

हे बाहेर आले. डॉक्टरांना म्हणाले, "बरा होईन ना?"

"बघू."

जिना उतरताना यांनी माझा हात धरला. म्हणाले, "मडक्याने एकदाही बघितलं नव्हतं गं. हे निदान बघतात तरी. उद्या बाटली मोठी आण."