टेबलाखालचं एक्स्चेंज

"अगं, बॅटरी इकडे धर. भिंतीवर काय उजेड पाडतेस?"

आवाज टेबलाखालून आला. आमच्या ह्यांचे फक्त दोन पाय बाहेर होते, बाकीचा माणूस लेकीच्या कॉम्प्युटरमागे. मी बॅटरी सरळ केली. माझं लक्ष उजेडाकडे नव्हतं हे खरंच. सकाळी लेकीने मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं होतं, की तिला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी मिळाली आहे आणि येत्या रविवारी ती हे टेबलावरचं सगळं सामान घेऊन जाणार आहे. "बाबांना मी संध्याकाळी सांगते. तू तोपर्यंत काही बोलू नकोस हं, आई." माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे पक्कं ठाऊक असून तिने हे ओझं माझ्याच डोक्यावर दिलं, आणि तिची पाठ वळते न वळते तोच हे मेणाच्या दोऱ्याचं रीळ घेऊन तिच्या खोलीत शिरले.

एरवी ती घरूनच काम करते, त्यामुळे टेबल कधी मोकळं सापडत नाही. आज ती ऑफिसला गेली होती. ह्यांनी तेवढाच मुहूर्त धरला.

ह्यांचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. तिथे वायरी विंचरल्यासारख्या सरळ करून एकीशेजारी एक लावायच्या आणि चार-चार बोटांवर मेणाच्या दोऱ्याची गाठ मारत त्यांची जुडी बांधायची. ह्यांनी बांधलेली जुडी दाखवायला साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे म्हणे. खरं-खोटं साहेबांना विचारायला मी काही गेले नाही. पुढे हे रिटायर झाले, हात मात्र झाले नाहीत. तेव्हापासून आमच्या घरातल्या पडद्यांच्या दोऱ्या, बुटांच्या लेस, जुन्या कपड्यांची गाठोडी, सगळं कात्रीशिवाय सुटेनासं झालं आहे.

"हे गुंतवळ बघ," हे खालून म्हणाले. "एक्स्चेंजमध्ये कुणी असं ठेवलं असतं ना, तर..."

"तर काय केलं असतं तुम्ही?"

"त्याच्याशी बोललो नसतो."

मला हसू आलं आणि लगेच रविवार आठवला. मी आडून आडून विचारून पाहिलं. "अहो, इतकं घट्ट कशाला बांधताय? उद्या काही हलवायचं झालं तर?"

"हलवतंय कोण? घरातच तर आहे सगळं." गाठ दातात धरून ओढल्यामुळे शब्द अर्धेच बाहेर आले. "आमच्याकडे नवी वायर आली तर ती वरून न्यायची. एकदा बांधलेलं सोडायचं नाही."

मी गप्प बसले. आयुष्यात इतका वेळ गप्प बसण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा, पण ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

काम मात्र सुरेख झालं, हे मी बायको म्हणून सांगत नाही. स्क्रीन, प्रिंटर, स्पीकर, इंटरनेटचा डबा, सगळ्यांच्या वायरी एका रांगेत टेबलाच्या पायाला धरून खाली उतरल्या होत्या. घोटाळा एवढाच, की बांधण्याच्या नादात ह्यांनी काहीच सोडलं नव्हतं. माऊसची वायर जुडीत गेली होती. मोबाईलचा चार्जर गेला होता. हेडफोनसुद्धा गेला होता, म्हणजे लेकीला आता काही ऐकायचं तर हनुवटी टेबलाला टेकवूनच.

संध्याकाळी ती आली तेव्हा हे खोलीच्या दारातच उभे होते. हातपाय धुवायचीही उसंत न देता तिला आत नेलं. ती खाली वाकली, बराच वेळ बघत राहिली. मग उभी राहून माऊस हलवून पाहिला.

"बाबा, हा वीतभरच फिरतोय."

"तेवढाच लागतो."

ती हसली आणि माझ्याकडे बघितलं. मी नुसती मान हलवली, सांगितलं नाही म्हणून. तेव्हा ती पलंगावर बसली, ह्यांचा हात धरून त्यांनाही बसवलं आणि सरळ सगळं सांगून टाकलं.

हे बोटांवर चिकटलेलं मेण रुमालाने पुसत राहिले.

"रविवारी?"

"हो."

"गाडी सकाळची का?"

"सकाळची."

"मग आजच काढून ठेवू. घाईत वायरी तुटतात."

"राहू द्या ना, बाबा." ती टेबलाखाली बघत म्हणाली. "मी तिकडे नव्या घेते. तुम्ही एवढं केलंय, ते असंच राहू दे."

"चालू वायर कुणी मागे ठेवून जातं का?" हे जरा रागावूनच म्हणाले. ब्लेड घेतलं आणि गुडघ्यांवर हात ठेवत पुन्हा टेबलाखाली गेले.

दिवसभराचं बांधणं सोडायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही. गाठी कापल्या जात होत्या आणि एकेक वायर बाहेर येत होती. "ही स्क्रीनची. ही प्रिंटरची. हिला जपून गुंडाळ गं, टोकाला नाजूक आहे." लेक जमिनीवर बसून वेटोळी करत होती, मधूनच बाहीने डोळे पुसत होती. मग वायरी यायच्या थांबल्या.

"बाबा, झालं का?"

"थांब जरा. एक वायर अडकलीय."

मी वाकून पाहिलं. काहीच अडकलं नव्हतं. उरलेल्या वायरी मोकळ्या होऊन फरशीवर पडल्या होत्या. हे भिंतीला पाठ टेकून, पाय पोटाशी घेऊन बसले होते. कापलेल्या दोऱ्याचे तुकडे मुठीत होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

मी कंबर धरून सरळ झाले.

"अडकलीय खरी," मी लेकीला म्हटलं. "तू जा, चहा टाक. वेळ लागेल जरा."