रास तनुराच्या वाळूवरचा कॅनडाचा चेंडू

मित्रांनो, १९९१ सालच्या फेब्रुवारीत आखाती युद्ध जोरात होते. त्याच दिवसांत सौदी अरबस्तानातील रास तनुरा येथे माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा सामना झाला. मी एक जुना, दोन्ही टोकांना निमुळता, चामड्याचा चेंडू आहे.

माझा जन्म कॅनडात झाला. तिकडचा फुटबॉल हातात चेंडू घेऊन पळत खेळतात. प्रतिस्पर्ध्यांना चुकवून समोरची रेषा ओलांडली की गुण मिळतात. माझा मालक कॅल्विन ड्रमंड हा त्या खेळातला नावाजलेला व्यावसायिक खेळाडू होता. तो मला हवेत झेपावून झेलायचा तेव्हा हजारो माणसे उभी राहत. पण एका अंतिम सामन्यात, रेषेच्या अगदी जवळ त्याचा गुडघा मोडला. त्याचा संघ सामना हरला आणि त्याचा खेळही संपला.

पुढे तो रास तनुराच्या तेल कारखान्यात सुरक्षा अधिकारी झाला. मी कपाटावर पडून राहिलो. माझ्यातली हवा गेली, अंगावर धूळ चढली.

एके दिवशी कॅल्विनने कोकणातल्या कामगारांची कबड्डी पाहिली. "ही हुलकावणी तर आमच्याच खेळातली!" म्हणत तो लंगडत खोलीत आला आणि त्याने माझ्यात हवा भरली.

गुहागरच्या बाळाराम वेल्डरने मला हातात घेऊन विचारले, "साहेब, हा चेंडू की असोला नारळ?"

"नारळच समज, पण खाली पाडू नकोस," कॅल्विन मोडक्या हिंदीत म्हणाला. सगळे खो खो हसले. मग रोज संध्याकाळी तो त्यांना आपला खेळ शिकवू लागला.

युद्धामुळे छावणीतला फोन फक्त शुक्रवारी, थोडाच वेळ चालू असे. इंजिनियर आधी बोलत, कामगारांची पाळी येईपर्यंत लाइन बंद होई. बाळारामची बायको हेमलता बाळंतपणाला टेकली होती. त्याला कित्येक दिवस काही कळले नव्हते. कॅल्विनने इंजिनियरांशी पैज लावली, "सामना जिंकेल त्याचा फोन पहिला!" त्यांचा कप्तान हॅरिस हसत कबूल झाला.

शुक्रवारी दुपारी सामना सुरू झाला. बाळारामने मला काखेत मारले आणि सगळ्यांना हुलकावण्या देत तो सुसाट निघाला. रेषा चार पावलांवर होती. शेवटच्या गड्याच्या खांद्याला त्याने थाप मारली आणि काय सांगू, गर्रकन वळून तो आपल्याच बाजूला पळत आला! कबड्डीत गडी मारला की परत यायचे असते ना!

"अरे बाळ्या, कुठं चाललास?" सोबती ओरडले.

कॅल्विनने कपाळाला हात लावला. मग बाळारामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आज तुझं घर पुढं आहे."

अगदी शेवटचा डाव आला तेव्हा आम्ही थोड्या गुणांनी मागे होतो. बाळारामने मला झेलले आणि तो पळाला. रेषेजवळ हॅरिससकट तिघांनी त्याला कवेत धरून अडवले. पण कबड्डीचा तो गडी! धरले तरी अजून बाद झाला नव्हता. दम रोखून तो तिघांना ओढत सरकला, कोसळता कोसळता हात लांबवला आणि मला रेषेपलीकडे टेकवले.

आम्ही जिंकलो! कॅल्विन आपला मोडका गुडघा विसरून नाचत होता.

हॅरिसनेच बाळारामला हात देऊन उठवले. "यल्ला, चल लवकर, फोनकडे पळ!"

मी त्याच्या काखेतच होतो. पलीकडून हेमलताचा आवाज आला, "अहो, मुलगी झाली! आम्ही दोघी बऱ्या आहोत!"

बाळाराम मला छातीशी धरून रडला.

युद्ध संपल्यावर हॅरिस अमेरिकेला गेला आणि जन्मभर कबड्डीच्या गोष्टी सांगत राहिला. कॅल्विनने कॅनडात लहान मुलांचा संघ काढला. त्या मुलांनी चषक जिंकला तेव्हा तो म्हातारपणीही मैदानात लंगडत नाचला. रास तनुरा सोडतानाच त्याने मला बाळारामच्या हवाली केले होते. बाळाराम गावी परतला आणि त्याने स्वतःचे वेल्डिंगचे दुकान थाटले. ती मुलगी, विद्या, आज गुहागरच्या शाळेत खेळ शिकवते. मी तिच्याच कपाटात असतो.

मित्रांनो, माझे चामडे आता तडकले आहे. मला जपून हाताळा, वेळेवर हवा भरा. पण जपायचे म्हणून काचेत बंद करू नका. मला मैदानात न्या आणि जोरात फेका. कुणीतरी झेलायला धावत येतेच.