एप्रनच्या खिशातला कापूस

“हात सरळ ठेवा,” मी म्हणालो, आणि अण्णांनी हात सरळ ठेवला. माझ्या बापानं माझं एका सांगण्यात ऐकल्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ असावी.

सकाळी न्हाणीघरात पाय घसरला होता त्यांचा. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी हाड ओढून जागेवर बसवलं तेव्हा अण्णांना दरदरून घाम फुटला, पण तोंडातून शब्द निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, “मामा, पुढचं तुम्ही बघा. घरचंच गिऱ्हाईक आहे,” आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले.

इस्पितळात मला सगळे मामा म्हणतात. पाठीमागे ‘बोटंहलवा मामा’ म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. म्हणोत बापडे. प्लास्टरच्या खोलीत बावीस वर्षं काढलीत मी. आधी कापसाची पट्टी गुंडाळायची, दोन थर, हाडाच्या उंचवट्यावर तीन. मग प्लास्टरची गुंडाळी बादलीत बुडवायची, बुडबुडे थांबले की काढून हलकी पिळायची आणि हातावर नुसती फिरवत न्यायची. ओढायची नाही. मोडलेला हात आतून सुजतो, प्लास्टर काही त्याच्याबरोबर फुगत नाही. कापूस नसेल तर रक्त अडतं आणि चांगला हात मरून जातो. म्हणून प्रत्येक पेशंटला मी बजावतो, “बोटं हलवत राहा. सुजली, निळी पडली, मुंग्या आल्या, तर असाल तसे इकडे या.” दारापर्यंत जाऊन सांगतो, गाडीत बसल्यावर पुन्हा सांगतो. आमच्या सिस्टर म्हणतात, मामा झोपेतसुद्धा हेच बरळत असेल.

त्या दिवशी सिस्टर दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, “श्रावणबाळ आहेस बघ तू. नाहीतर आजकाल बापाला विचारतं कोण?”

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आई गेल्यावर अण्णांना मीच घरी आणलं. त्यांची नखं कापतो, पाठ चोळून देतो, औषधं वेळेवर देतो. शेजारीपाजारी वाखाणतात. मागचं सगळं मी पोटात घातलंय, असंच मी मानत होतो.

तो उजवा हात माझ्यापुढं टेबलावर पडला होता. शिरा वर आलेल्या, कातडी सैल. अण्णांच्या तोंडापेक्षा या हाताची ओळख मला जास्त. त्याची चार बोटं गालावर उठली की दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत जात नसत. आईचे केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलेलं मी इतक्या वेळा पाहिलंय की त्या भिंतीवरचा तेलाचा डाग किती उंचीवर होता तेसुद्धा सांगेन. मी अकरा वर्षांचा असताना एकदा आई आणि मी जेवताना कशावरून तरी हसत होतो. अण्णा कामावरून आले. त्यांना वाटलं आम्ही त्यांनाच हसतोय. त्यांनी माझा डावा हात पाठीमागं धरला आणि पिरगाळला. मी ओरडत होतो, आई त्यांच्या पायाशी होती, आणि ते विचारत होते, “हसतोस? अजून हसतोस?” कड असा आवाज आला तेव्हा सोडला. इस्पितळात आई म्हणाली, पोरगा जिन्यावरून पडला. आमचं घर तळमजल्यावर होतं. आमच्याकडं जिनाच नव्हता.

तर त्या दिवशी मी अण्णांच्या हाताला प्लास्टर घातलं. छान गुळगुळीत झालं. अण्णा माझ्याकडं बघत होते. पुढचा पेशंट उरकेपर्यंत मी त्यांना बाकावर बसवलं, मग घरी सोडलं आणि परत कामाला आलो.

संध्याकाळी घरी गेलो तर बायको म्हणाली, “अहो, अण्णा जेवले नाहीत. हात उशीवर ठेवून नुसते बसलेत.”

“हाड मोडलंय. दुखणारच.”

“दुखण्याचं नाही म्हणत मी. तोंड कसंतरीच दिसतंय त्यांचं. एकदा बघून तरी घ्या.”

“बावीस वर्षं हेच करतोय मी. आता तू शिकवणार का मला?”

“शिकवत नाहीये. बघा म्हणतेय.”

मी पुढ्यातलं ताट उचललं आणि भिंतीवर भिरकावलं. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. आमटी भिंतीवरून ओघळली. बायको दोन पावलं मागं सरकली आणि तिनं हात डोक्याजवळ नेला. लग्नाला अठरा वर्षं झाली, मी तिला बोटसुद्धा लावलेलं नाही. तरी तिचा हात वर गेला. मला शरम वाटली, आणि शरम वाटली म्हणून मी आणखी दोन शब्द जास्त बोललो. मग झोपलो. अण्णांच्या खोलीत डोकावलोसुद्धा नाही. सकाळी डबा घेऊन निघालो तेव्हाही त्यांचं दार लोटलेलंच होतं.

दहाच्या सुमाराला बायकोचा फोन आला.

“मी पांघरूण काढून बघितलं,” ती म्हणाली. “बोटं काळी पडलीत. वांग्यासारखी सुजलीत. मी त्यांना घेऊन निघालेय, तुम्ही तयारीत राहा.”

अण्णांना खाटेवर निजवलं. मी कापायचं मशीन सुरू केलं. त्याचं पातं गरागरा फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. प्लास्टर कापतं आणि खाली कापसाला लागलं की हाताला मऊ लागतं, तिथं थांबायचं. मऊ काही लागलंच नाही. पातं सरळ खाली गेलं आणि प्लास्टरच्या फटीतून रक्त आलं.

“थांब,” सिस्टर म्हणाल्या. “कापूस कुठंय?”

मी चिमट्यानं फट उकलली. आत कापूस नव्हता. थर सोडा, धागा नव्हता. कातडीला प्लास्टर चिकटलेलं, त्यावर टपोरे फोड, आणि मनगटाभोवती गुंडाळीचे वळ रुतलेले. नुसती फिरवलेल्या गुंडाळीचे ते वळ नव्हतेच. ओढून ओढून, दातओठ खाऊन बांधल्यावर उठतात तसले होते. मी बोटाचं नख दाबून बघितलं. रंग परत आला नाही.

“मी घातला होता,” मी म्हणालो. “दोन थर. मला आठवतंय.”

सिस्टर खुंटीकडं गेल्या. कालचा एप्रन तिथंच लटकत होता. त्याचा खिसा फुगलेला होता. त्यांनी आत हात घालून कापसाची गुंडाळी काढली. अख्खी होती, मी अर्धी वीतसुद्धा वापरली नव्हती.

“कापूस आपल्या पायानं खिशात जात नाही, मामा,” त्या हळूच म्हणाल्या.

मी अण्णांकडं वळलो. “काल दुपारपासून दुखत असणार. बोलला का नाहीत? सांगितलं होतं ना मी, बोटं काळी पडली तर...”

“नाही सांगितलंस,” अण्णा म्हणाले.

“सगळ्यांना सांगतो मी.”

“माझ्याआधीच्या बाईला सांगितलंस. माझ्यानंतरच्यालाही, दारापर्यंत जाऊन. मला नाही.” ते दम खात बोलत होते. “बांधताना तुझं तोंड बघितलं मी. वाटलं, मुद्दाम आवळतोयस. म्हटलं, आवळू दे. कधी ना कधी तू हे करणारच होतास. एवढ्यावर भागलं तर बरं.”

“मी मुद्दाम नाही केलं.”

“असू दे रे.”

“असू दे काय? मी मुद्दाम नाही केलं. मी तुमच्यासारखा नाही. ऐकू येतंय का? नाही मी तुमच्यासारखा.”

सिस्टरनी मला मागून कवेत धरून ओढलं, तेव्हा कळलं की अण्णांच्या सदऱ्याची कॉलर माझ्या मुठीत आहे आणि त्यांचं डोकं खाटेच्या लोखंडी दांडीवर दोनदा आपटलंय. बायको दारात उभी होती. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते आणि मान आत ओढली होती. लहानपणी मीही मान अशीच आत ओढायचो.

त्या दुपारी डॉक्टरांनी अण्णांचा हात कोपरापासून तळव्यापर्यंत उभा चिरून मोकळा केला. कापून टाकावा लागला नाही, एवढंच. आतलं मांस बरंचसं मेलं होतं. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. पोरसवदा आहेत, मनानं चांगले आहेत.

“मामा, म्हाताऱ्या माणसाला सूज जास्त येते. मी तसंच लिहितो कागदावर. तुमची बावीस वर्षं काही वाया जायला नकोत.”

“कापूस घातला नव्हता, असं लिहा.”

“बरं, नजरचूक लिहू.”

“नजरचूक नका लिहू.”

“मग काय लिहू?” त्यांनी पेन वर धरलं. हातून झालं होतं आणि मला पत्ता नव्हता. याला काय म्हणतात ते ना त्यांच्या पुस्तकात असेल, ना मला येत होतं. शेवटी म्हणालो, “मी बांधलं, असं लिहा. बाकी काही नको.”

त्यांनी तेवढंच लिहिलं. चौकशी झाली. मला प्लास्टरच्या खोलीतून काढून चादरींच्या कोठारात टाकलं. मी हरकत घेतली नाही. बायको माझ्याशी बोलते, पण ताट माझ्यापुढं ठेवून चटकन मागं होते. एकदा मी तिला म्हणालो, सगळं पोटात घातलं होतं गं मी. ती म्हणाली, “घातलं होतंत खरं. पचलं कुठं होतं?”

अण्णांची बोटं आता आत वळली आहेत. मूठ पुरती मिटतही नाही आणि उघडतही नाही. जेवतात डाव्या हातानं, सांडत सांडत.

दीड महिना त्यांची दाढी तशीच वाढली होती. पूर्वी ती ते स्वतः करायचे. परवा सकाळी त्यांनी वस्तरा, वाटी आणि ब्रश डाव्या हातानं एकेक करून माझ्यापुढं आणून ठेवलं आणि खिडकीपाशी खुर्चीवर बसले.

“हिला बोलावतो,” मी म्हणालो.

“तिला नाही जमायचं. तू कर.”

मी साबण लावला. वस्तरा उघडला. माझा हात अगदी स्थिर होता, आणि मला त्याचीच भीती वाटली. अण्णांनी मान मागं टाकली. गळ्यावरची शीर उडताना दिसत होती. दाढी करून घेताना माणसं डोळे मिटतात. अण्णांनी मिटले नाहीत. ते माझ्या हाताकडं बघत राहिले, आणि मीही.