सप्टेंबरचा आकडा

सुवर्णाची नोकरी गेली तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती. बावीस वर्षं तिनं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली होती. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं हेच तिचं काम. जानेवारीत एका सकाळी लॅपटॉप उघडला तर लॉगिनच होईना. त्यानंतर दोन महिने ती फ्रीमाँटच्या घरात पडदे ओढून पडून राहिली. नवरा, अमित, सकाळी चहा झाकून ऑफिसला जायचा आणि संध्याकाळी तोच चहा सिंकमध्ये ओतायचा.

तिला बाहेर काढलं ते रेणूनं. पंचवीस वर्षांची मैत्रीण. दोघींची मुलं एकाच डेकेअरमध्ये वाढलेली.

"ऊठ यार," ती म्हणाली. "कम्युनिटी कॉलेजात जिऑलॉजीचा क्लास आहे, अगदी पहिल्या पायरीचा. मी दोघींची नावं घातलीयत."

रेणूसोबत जायचं म्हणून सुवर्णा गेली आणि तिथे रमली. वाळूचा खडक कसा होतो, लाव्हा थंड होताना त्यात स्फटिक कसे धरतात, हे ती अमितला जेवताना सांगू लागली. एके दिवशी प्रोफेसर डेल्गाडो सगळ्या वर्गाला जवळच्याच एका गल्लीत घेऊन गेल्या. तिथे फुटपाथची सिमेंटची कड एका भेगेपाशी तुटून चांगली चार बोटं बाजूला सरकली होती.

"ही हेवर्ड फॉल्ट," प्रोफेसर म्हणाल्या. "इथे जमिनीचे दोन तुकडे एकमेकांना घासत सरकतायत. भूकंपाची वाट न बघता, रोज, अगदी थोडं थोडं. वर्षाला साधारण पाच मिलिमीटर."

सुवर्णा उकिडवी बसली आणि तिनं त्या भेगेवर हात ठेवला. त्या गल्लीतून ती पोरांना सॉकरला सोडायला शेकडो वेळा गेली होती.

क्लास संपला तेव्हा प्रोफेसरांनी विचारलं, दर महिन्याला इथलं माप घ्यायला कुणी तयार आहे का? भेगेच्या दोन बाजूंना त्यांनी दोन पितळी खिळे ठोकले होते. त्यांच्यामधलं अंतर कॅलिपरनं, म्हणजे बारीक मापाच्या सरकत्या पट्टीनं, मोजायचं आणि ऑनलाइन शीटमध्ये भरायचं, एवढंच. पुढच्या बॅचची मुलं त्या आकड्यांवर प्रोजेक्ट करणार होती. सुवर्णानं हात वर केला. तिच्याकडे बघून रेणूनंही केला.

सुरुवातीला दोघी मिळून जात. मग जानेवारीपासून रेणू म्हणाली, "वाटून घेऊ या. जानेवारी, मार्च, मे असे महिने माझे, मधले तुझे." सुवर्णाला एकटीनं जायला जरा चुकल्यासारखं झालं, पण ती हो म्हणाली.

वर्ष गेलं. शीटमध्ये रेणूचे आकडे शहाण्या मुलासारखे वाढत होते: दोन महिन्यांनी पॉइंट आठ मिलिमीटर, पुन्हा पॉइंट आठ, कधी पॉइंट नऊ. सुवर्णाचे मात्र खालीवर होत. एकदा तर अंतर चक्क कमी झालेलं दिसलं. प्रोफेसरांनी ईमेलमध्ये सहज लिहिलं, "रेणूचा हात किती स्थिर आहे!" त्यानंतर महिनाभर सुवर्णा रोज दुपारी डायनिंग टेबलाशी बसून एकच नाणं दहा दहा वेळा मोजायची. आपला हात थरथरतो की काय, या भीतीनं ती डॉक्टरकडेही जाऊन आली. प्रत्येक मापाचा ती फोटो काढू लागली.

वाटणीच्या दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबरात, ती गल्लीत पोचली आणि गाडीतून उतरून तशीच उभी राहिली. फुटपाथची कड नवी होती. पांढरंशुभ्र, सरळ सिमेंट. भेग नाही, खिळे नाहीत.

समोरच्या घरातले म्हातारे गृहस्थ गुलाबांना पाणी घालत होते. त्यांना ती ओळखीची होती.

"तुमची भेग गेली," ते म्हणाले. "ऑगस्टच्या मध्यावर पालिकेनं कड तोडून नवी केली. नातवाचा वाढदिवस होता त्या दिवशी, पाहुण्यांना गाड्या लावायला जागा नव्हती."

"ऑगस्ट? नक्की?"

"नक्की."

सुवर्णानं फोन काढला. सप्टेंबरच्या सात तारखेला रेणूचा मेसेज होता: "झालं गं माप. काय ऊन होतं! शीटमध्ये भरलंय." पुढे घामाघूम चेहऱ्याचा इमोजी.

तिनं तो मेसेज तीनदा वाचला. मग ती थेट रेणूच्या टाउनहाउसवर गेली.

रेणू किचनमध्ये मेथी निवडत होती. "अगं, फोन तरी करायचास! बस, चहा टाकते."

"सप्टेंबरचं माप कुठे घेतलंस?"

"कुठे म्हणजे? तिथेच."

"तिथे खिळे नाहीत, रेणू. ऑगस्टपासून नाहीत."

रेणूच्या हातातली काडी तशीच राहिली. "मग... मागच्या महिन्यात गडबडीत काहीतरी..."

"किती वेळा गेलीस?"

"सुवर्णा..."

"अकरा वेळा तुझी पाळी होती. किती वेळा गेलीस?"

"एकदा," रेणू म्हणाली. "पहिल्या जानेवारीत. मग गुडघा दुखायला लागला, मग राहूनच गेलं. आणि खरं सांगू? फुटपाथ आहे तो. पाच मिलिमीटर इकडे का तिकडे, कुणाचं काय अडलंय?"

"मी डॉक्टरकडे गेले होते. माझा हात कापतो म्हणून. तू बरोबर आली होतीस! वेटिंग रूममध्ये माझ्या शेजारी बसली होतीस."

रेणूनं मान खाली घातली. मग एकदम चिडून म्हणाली, "मला काय हौस होती गं दगडधोंड्यांची? तुझ्यासाठी सुरू केलं सगळं. तू उठत नव्हतीस, जेवत नव्हतीस. अमितनं रडत फोन केला होता मला. तू सावरलीस ना? मग झालं तर. अमितही हेच म्हणाला."

"अमितला माहीत होतं?"

रेणूनं उठून चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं, पण गॅस पेटवला नाही.

संध्याकाळी घरी विचारलं तेव्हा अमितनं नाकारलं नाही. "मागच्या वर्षी कळलं मला," तो म्हणाला. "तू खूश होतीस. मोडावंसं वाटलं नाही."

"मला लहान पोर समजलात तुम्ही दोघं. खोटं खेळणं देऊन बसवलंत."

"तसं नाही गं..."

"तसंच आहे."

त्या रात्री तिनं प्रोफेसर डेल्गाडोंना सगळं लिहिलं. मैत्रिणीचं नाव तिनं एकदा लिहून पुसलं, मग पुन्हा लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, सभ्य आणि कोरडं. रेणूचे सगळे आकडे काढून टाकावे लागतील. मुलांनी त्या आकड्यांवर केलेलं प्रोजेक्टचं पोस्टरही परत घ्यावं लागेल. आणि शेवटी: "माफ करा, पण विचारावं लागतंय. तुमचे आकडे तुम्ही स्वतः मोजलेत ना?"

या एका ओळीनं सुवर्णा रडली. नोकरी गेली तेव्हाही इतकी रडली नव्हती. मग तोंड धुऊन तिनं जेवढे फोटो होते तेवढे सगळे पाठवले, तारखांसकट.

आठवड्यानं प्रोफेसरांनी तिला ऑफिसात बोलावलं. स्क्रीनवर तिच्या एकटीच्या मापांची वेडीवाकडी रेघ होती, मधे मधे तुटलेली. त्याखाली त्या त्या दिवसाचं तापमान.

"बघा," प्रोफेसर म्हणाल्या. "उन्हाळ्यात सिमेंट फुगतं, हिवाळ्यात आकसतं. तुमची रेघ हलते कारण ती खरी आहे. त्या सरळ आकड्यांमुळे मलाही हे दिसलं नाही. चूक माझीही आहे. नव्या कडेत मी पुन्हा खिळे ठोकतेय, मापं घ्याल ना?"

सुवर्णानं बोटानं ती रेघ शेवटपर्यंत गिरवली. तिला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण मनात सारखं येत होतं, की हे रेणूला सांगायला हवं, आणि रेणूला सांगण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात, हॉलमध्ये फराळाच्या रांगेत, मंडळातल्या सुलेखाकाकूंनी दोघींना गाठलं. "काय गं, तुमचं ते भूकंपाचं काम कुठवर आलं?"

"चाललंय की," रेणू हसत म्हणाली आणि सवयीनं तिनं सुवर्णाच्या खांद्यावर हात टाकला.

सुवर्णानं तो हात हळूच खाली केला.

"मी करते, काकू," ती म्हणाली. "एकटी." आणि प्लेट घेऊन पुढे सरकली.