हातभर प्लास्टिक

सकाळी आठला आमच्या इमारतीच्या जिन्यात एकेचाळीस माणसं उभी होती, मी मोजली. सव्वीस दुखणेकरी, नऊ बघे आणि सहा बिचारी नुसती पाणी भरायला आलेली. सगळ्यांचे पाय अनवाणी आणि ओले, कारण झिणझिणे महाराजांची अटच तशी होती.

"चप्पल म्हणजे अहंकार," तळमजल्यावरच्या मोरीशी उभे राहून महाराज सांगत. "अहंकार काढा, पाय भिजवा, नळ धरा. शक्ती जाणवली नाही तर समजा, मनात संशय आहे." स्वतःच्या पायांत मात्र जाड रबरी सपाता. त्यांच्या अहंकाराला बहुधा सूट होती.

झिणझिण्या मात्र खऱ्या. मलाही आल्या, खोटं कशाला बोलू.

रांगेत पहिली रोज शेजारची शिवणकामवाली ताई. वर्षापूर्वी तिचा उजवा हात लुळा पडला आणि मशीन बंद झालं. नळाला टेकवला की बोटं आखडत. "बघा, हलली," ती म्हणायची. वर्षभरात तिच्या घरात तेवढंच काय ते हललं होतं.

तिच्या वहिनीने वायरमनला बोलावून आणलं. त्याने नळाला टेस्टर लावला. दिवा पेटला.

"शक्ती आहे," तो म्हणाला. "वीज कंपनीची."

त्याने मोरीतल्या पाणी तापवायच्या हीटरचं बटण बंद केलं, टेस्टर विझला. चालू केलं, पेटला.

"हीटरमधून करंट पाइपात उतरतोय. या इमारतीचं अर्थिंग जुन्या लोखंडी पाइपालाच बांधलंय. पाइप जमिनीत जायचा, करंट तिथं जिरायचा. गेल्या महिन्यात प्लंबरनं खालचा सडका तुकडा कापून हातभर प्लास्टिक घातलं. खालची वाट बंद झाली, आता करंट तुमच्या अंगातून जमिनीत जातो. ओल्या पायांतून तर अगदी ऐसपैस."

"मग महाराजांना कसा लागत नाही?" वहिनीने विचारलं.

"त्यांच्या सपातांना विचारा."

घरमालक हीटर काढू देईना. महाराजांच्या आंघोळीचं काय? शेवटी वायरमनने प्लास्टिकच्या वरून, लोखंडापासून लोखंडापर्यंत, तांब्याची तार जोडली. नळ मुका झाला.

"संशयी हात लागला, शक्ती रुसली," महाराज म्हणाले. त्याने नळच चोरला असावा तसे लोक वायरमनकडे बघू लागले. ताई तेवढी नळ धरून उभी. बोटं तशीच.

दुसऱ्या सकाळी तार तुटलेली होती. खाली ताईची कापड बेतायची कात्री पडलेली, पात्याला खाच. तार डाव्या हाताने कापली होती.

"ताई, चांगली कात्री वाया घालवलीत," वहिनी म्हणाली.

"कात्री तशीही चालत नव्हती. इथं निदान बोटं हलतात."

"ती तुम्ही नाही हलवत हो, करंट हलवतो. हीटर आणखी बिघडला तर जीव जाईल."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "सरक जरा, मागे रांग आहे."

वायरमनने पुन्हा तार बांधली. दुपारपर्यंत तीही तुटली. तिसऱ्यांदा घरमालकाने त्याला दारातूनच परत पाठवलं.

तुमच्या घरचा नळ झिणझिणला तर हात जोडू नका. नळ सोडा, मेन स्विच बंद करा, वायरमनला बोलवा. पाइप बदलायला प्लंबर आला तर आधी विचारा, अर्थिंगची तार कशाला बांधली आहे? एवढं विचारायला शिक्षण लागत नाही, धीरही लागत नाही.

आमच्या जिन्यात आज कोणी विचारलं नाही. बावन्न माणसं होती. पाय ओले.